मागच्या चाकाच्या तारा मोजा

सायकलच्या दुकानात शिरलेला माणूस आधी रंग पाहतो. मग गिअर किती, डिस्क ब्रेक आहे का, हे विचारतो. सीटवर बसून बघतो, घंटी वाजवतो आणि किमतीवर येतो. मागच्या चाकाच्या तारा मोजणारे गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेले नाही. सायकल किती वर्षे साथ देणार, हे मात्र त्या तारांवरच ठरते. जालना जिल्ह्यात तर नक्कीच. इथे डांबर फाट्यापर्यंत येते आणि फाट्यापासून वस्तीपर्यंत खडी, मुरूम, नाही तर नुसती पांदण असते.

घरात आजोबांची काळी सायकल उभी असेल तर तिच्या तारा मोजून बघा. बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० भरतील. ही विलायती सायकलींची जुनी वाटणी आपल्याकडच्या कारखान्यांनी उचलली आणि वर्षानुवर्षे सांभाळली. तिच्यामागे साधा हिशेब होता. माणूस सीटवर बसला की त्याच्या वजनाचा साठ टक्के किंवा थोडा जास्तच वाटा मागच्या चाकावर येतो आणि कॅरिअरवर जे काही लादले जाते ते जवळपास सगळे मागेच. म्हणून मागे तारा जास्त. आजच्या बहुतेक नव्या सायकलींत दोन्ही चाकांना सारख्याच, ३६ किंवा ३२ तारा येतात. काही दिखाऊ चाकांत त्याहूनही कमी.

पण तारांचा आकडा हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा कळायला चाक वजन पेलते कसे, हे आधी बघावे लागेल.

बैलगाडीचे चाक आणि सायकलचे चाक दिसायला एकाच घराण्यातले, पण दोघांची वजन पेलायची रीत अगदी उलटी आहे. बैलगाडीच्या चाकाचे लाकडी आरे मनगटाएवढे जाड असतात. गाडीत माल भरला की मधला तुंबा खालच्या आऱ्यावर उभा राहतो आणि तो आरा खांबासारखा दाबला जातो. बाहेरून तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना आवळते आणि सगळे सांधे जागच्या जागी धरून ठेवते. सायकलची तार मात्र जेमतेम दोन मिलिमीटर जाड. ती उभी धरून वरून अंगठ्याने दाबली तरी वाकते. मग ऐंशी किलोचा माणूस अशा तारांवर बसतो कसा?

तो बसतो, कारण तार कधी दाबली जातच नाही. ती आधीच ताणलेली असते. चांगल्या बांधलेल्या चाकात प्रत्येक तार साधारण शंभर किलोच्या जोराने रिमला हबकडे ओढून धरते. वजन आले की जमिनीला टेकलेली रिम किंचित आत ढकलली जाते आणि त्या जागेच्या चार-पाच तारांचा ताण तेवढा कमी होतो. बाकीच्या तारांना त्याची फारशी खबरही लागत नाही. शंभरातले तीस गेले तरी सत्तर उरतात, म्हणजे तार ताठच राहते. अमेरिकेतले अभियंते जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात ही गोष्ट गणित मांडून दाखवली. सायकल बांधणारे जाणते हात मात्र त्याआधी शंभर वर्षे याच तत्त्वावर चाके बांधत होते.

जालनेकरांना हे समजावायला सळईचा दाखला सोपा. इथल्या एमआयडीसीत तयार होणारी सळई साध्या स्लॅबमध्ये नुसती अंथरतात. मोठ्या पुलाच्या गर्डरमध्ये मात्र पोलादी तारा जोराने ताणून काँक्रीट आधीच दाबून ठेवतात. काँक्रीटला ओढ सोसत नाही, म्हणून त्याला आधीच दाबात ठेवायचे. सायकलच्या तारेला दाब सोसत नाही, म्हणून तिला आधीच ताणात ठेवायचे. युक्ती एकच, फक्त दिशा उलटी.

एवढे लक्षात आले की तार का तुटते, तेही उलगडते. एका मोठ्या खड्ड्यात आदळून तार तुटणे तसे दुर्मीळ. ती थकून तुटते. बांधायची तार हाताशी पक्कड नसताना आपण कशी तोडतो? एकाच जागी मागेपुढे वाकवत राहतो. चाकातल्या तारेचे तसेच होते. शाळकरी सायकलच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरा. किलोमीटरला पावणेपाचशे फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा खाली येते, किंचित सैल होते आणि पुन्हा ताणली जाते. शाळा पाच किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन दिवसाला पावणेपाच हजार वेळा. शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला साडेनऊ लाख वेळा. तार मुळात घट्ट असेल तर हा हेलकावा ती वर्षानुवर्षे सोसते. मुळातच ढिली असेल तर खाली आल्यावर तिचा ताण पार संपतो आणि वर जाताना तिला झटका बसतो. हबच्या छिद्रातून बाहेर पडताना तारेला जे वळण असते तिथे हा झटका साठत जातो आणि एके दिवशी नेमकी तिथेच ती तुटते. म्हणून मी म्हणतो, चाकाची खरी ताकद तारेच्या जाडीत नसून तिच्या ताणात आहे. जाड पण ढिल्या तारांच्या चाकापेक्षा बारीक पण सारख्या ताणलेल्या तारांचे चाक जास्त टिकते.

हे मला अनुभवाने कळले. नवी गिअरची सायकल घेऊन सहा महिने झाले होते. राजूरच्या गणपतीला जालन्याहून निघालो, पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. अर्ध्या वाटेत मागून टणकन आवाज आला आणि मागचे चाक ब्रेकला घासू लागले. तार तुटली होती. ती बदलून घेतली. दोन आठवड्यांत दुसरी तुटली, मग तिसरी. तेव्हा एका वयस्क मिस्त्रींनी चाक हातात घेतले, दोन-दोन तारा चिमटीत दाबून पाहिल्या आणि म्हणाले, “ह्या तारा कुणी कधी ताणल्याच नाहीत. नुसत्या ओवल्यात.” त्यांनी सगळ्या तारा नव्या घालून चाक पुन्हा बांधले. रिम तीच, हब तोच. त्यानंतर त्या चाकाची एकही तार तुटली नाही.

आता वजनाकडे वळू. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे आणि २०२२ पासून अनुदानाची रक्कम ५,००० रुपये झाली आहे. पैसे खात्यात येतात, म्हणजे सायकल निवडायची ती घरच्यांनीच. त्यामुळे हिशेब घरच्यांनाच यायला हवा. मुलगी ४५ किलोची असेल तर तिचे २७ किलो मागच्या चाकावर येतात. सायकल १८ किलोची, तिचे १० किलो मागे. एकूण ३७. आता तिची मैत्रीण कॅरिअरवर बसली. ती ४० किलोची असली तरी तिचे सगळेच्या सगळे वजन मागच्या एक्सलवर. झाले ७७. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि दप्तरे तर अजून धरलीच नाहीत. शाळा सुटल्यावर कोणत्याही फाट्यावर उभे राहा, एका सायकलवर एकटी मुलगी क्वचितच दिसेल. सायकल निवडताना डबलसीटचाच हिशेब धरायला हवा. दुधाचे वीस लिटरचे दोन कॅन लटकवणाऱ्या माणसाचा आकडा याच रीतीने काढला तर एकट्या मागच्या चाकावर शंभर किलोच्या आसपास भार येतो.

आणि हा झाला उभ्या सायकलचा आकडा. खडीवर चाक आदळते तेव्हा क्षणभर तोच भार दुप्पट-तिप्पट होतो.

मागच्या चाकाची आणखी एक अडचण आहे. उजव्या बाजूला फ्रीव्हीलला जागा द्यावी लागते, म्हणून उजव्या तारा जास्त उभ्या आणि डाव्या जास्त तिरक्या बसतात. रिम मधोमध राहायची तर उजव्या तारा डाव्यांपेक्षा दीड-दोन पट घट्ट ठेवाव्या लागतात. गिअर जितके जास्त, तितका हा फरक वाढतो. डाव्या तारा आधी ढिल्या पडतात, उजव्या तारांवर पायडलचा जोर येतो आणि चाक दोन्हीकडून खचते. बिनगिअरच्या काळ्या सायकलचे मागचे चाक एवढे टिकायचे, त्याचे एक कारण हेच की तिथे दोन्ही बाजू जवळपास सारख्या असत. माझे मत विचाराल तर सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर जाणाऱ्या मुलीला सात किंवा एकवीस गिअरची गरज नाही. त्या पैशांत मागचे चाक चांगले येते.

गिअरच्या स्वस्त सायकलींत एक्सलही बघून घ्यावा. आट्यांवर बसणारे सात गिअरचे फ्रीव्हील रुंद असते, त्यामुळे उजवीकडचे छर्रे आत राहतात आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो. वजनदार माणसाच्या खाली तो वाकतो, कधी तुटतोही. वजन ८५-९० किलोच्या वर असेल आणि गिअर हवेच असतील तर दुकानदाराला विचारून कॅसेटचा हब असलेली सायकल घ्या. त्यात छर्रे अगदी टोकाला असतात आणि एक्सलला दोन्हीकडून आधार मिळतो.

रस्त्याचे म्हणाल तर या जिल्ह्यात एकच एक रस्ता नाही. अंबड-घनसावंगी पट्ट्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे ऊस आहे आणि गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या डांबराच्या कडा खाऊन टाकतात. ट्रॉली मागून आली की सायकलवाल्याला साइडपट्टीवर उतरावे लागते आणि डांबर व मुरूम यांच्यात वीतभर पायरी असते. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार लागतो. तिथे चढ-उतार आणि काळ्या दगडाची टोकदार खडी. परतूर-मंठ्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात चिखल, आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या घट्ट झालेल्या.

या चाकोऱ्यांचे भय सगळ्यांत जास्त. सायकलचे चाक वरून येणारा भार फार मोठा पेलते, पण बाजूने आलेल्या धक्क्यापुढे ते कमकुवत असते. चाकोरीत शिरलेले चाक बाहेर काढायला हँडल वळवले की सगळे वजन रिमच्या कडेवर आडवे येते आणि क्षणात चाकाचा द्रोण होतो. तारा ढिल्या असतील तर हमखास. इथे उपयोगी पडते रिमची बनावट. अल्युमिनियमची रिम घ्यायची तर दुहेरी भिंतीची घ्या. टायर काढून आत पाहिले की तारा आवळणारी निपले दिसत असतील तर ती एकेरी. वरून आणखी एक पत्रा असेल आणि निपले खोल भोकात बसली असतील तर ती दुहेरी. दुहेरी रिम आतून पोकळ पेटीसारखी असते, म्हणून कमी वजनात जास्त ताठ राहते. जुनी लोखंडी रिम जड असते, गंजते आणि गुळगुळीत असल्यामुळे पावसात रबरी ब्रेक तिच्यावर नीट धरत नाही. पण वाकली तर गावातला मिस्त्री ठोकून पुन्हा चालण्याजोगी करून देतो. खेड्यात राहणाऱ्याच्या लेखी हा गुण लहान नाही. दूधवाल्याला मी आजही लोखंडी रिमचे, ४० तारांचे मागचे चाकच सांगेन.

बाकीच्यांसाठी माझा हिशेब असा. वजन साठ-पासष्ट किलोपर्यंत, एकट्याचा प्रवास आणि डांबरी रस्ता असेल तर ३२ तारा पुरतात. वजन ऐंशीच्या पुढे असेल, किंवा कॅरिअरवर कुणी बसणार असेल, किंवा रोज दोन-चार किलोमीटर खडी असेल, तर मागे ३६ च्या खाली जाऊ नका. शंभर किलोच्या आसपासच्या माणसाने ३६ तारा, दुहेरी रिम आणि मागच्या उजव्या बाजूला १४ ऐवजी १३ गेजची तार घालून घ्यावी. १४ गेज म्हणजे दोन मिलिमीटर, १३ गेज म्हणजे सव्वादोनच्या थोडी वर. गेजचा आकडा जसा कमी, तशी तार जाड. मात्र जाड तारेला हबचे छिद्रही तेवढे हवे, ते मिस्त्रीकडून आधी तपासून घ्या. चाकाचा घेर लहान असेल तर तेही मजबुतीच्या बाजूनेच. २६ इंची चाकाच्या तारा आखूड आणि जास्त तिरक्या, म्हणून तेच सामान वापरूनही ते २८ इंचीपेक्षा आडवा धक्का जास्त सोसते. तारा कमी ठेवून रिमला नक्षी केलेली किंवा एकसंध ओतीव चाके खेड्याच्या रस्त्यासाठी घेऊ नका. ती मोडली की दुरुस्त होत नाहीत.

टायरबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण चाक वाचवण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग तोच आहे. खडीचा टोकदार दगड रिमपर्यंत पोहोचू नये यासाठी मधे हवेची गादी लागते. टायर जितका रुंद, तितकी गादी उंच. डांबरावर ३५ मिलिमीटर पुरते, पण खडी-मुरमाला ४० ते ५० बरे. रुंद टायरला हवाही कमी लागते आणि धक्का तारांपर्यंत जाण्याआधीच मुरतो. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेले असते. दोन आकडे असतील तर एकट्याने खालच्याकडे, डबलसीटला वरच्याकडे राहावे, आणि मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडलेली आढळली तर तो बाभळीचा काटा नव्हे. हवा कमी होती आणि दगडाने ट्यूब रिमवर चेपली, असा त्याचा अर्थ. अशी दोन-तीन पंक्चर झाली की रिमची कडही चेपलेली सापडते.

रुंद टायरची एक अडचण मात्र काळ्या मातीत येते. ओली माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचे थांबते. वस्तीवरून येणाऱ्या मुलांना पावसाळ्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागते ती यामुळेच. टायर आणि मडगार्ड यांच्यात निदान अंगठा सहज फिरेल एवढी जागा असावी. नसेल तर पावसाचे तीन महिने मडगार्ड काढून ठेवलेले बरे. कपडे खराब होतील, पण चाक फिरेल.

शेवटी पुन्हा ताणाकडे येतो. नवी सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते आणि दुकानात तासाभरात उभी केली जाते. चाकाच्या तारांना त्या तासात बहुधा हातही लागत नाही. तो हात तुम्ही लावा. चाकाच्या एकाच बाजूच्या शेजारच्या दोन-दोन तारा चिमटीत धरून दाबत जा. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा मऊ लागली की तिथे ताण कमी आहे. दुसरी खूण आवाजाची. तारेला नखाने टिचकी मारा. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. तबलजी तबला लावतो तेव्हा एकाच घरावर हातोडी मारत बसत नाही. सोळाही घरांवर फिरतो, समोरासमोरचा स्वर पडताळतो आणि थोडे-थोडे चढवतो. चांगला मिस्त्री चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढतो तो असाच. निपलला एका वेळी पाव फेरा, मग समोरची बाजू, मग पुन्हा पहिली. एकाच तारेला दोन-तीन फेरे देऊन रिम सरळ करणारा मिस्त्री आजचा आऊट काढतो, पण उद्याची तुटणारी तारही तयार करून ठेवतो.

नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही दिवसांत आपापल्या जागी बसतात आणि ताण थोडा उतरतो. म्हणून शंभरेक किलोमीटर झाल्यावर एकदा चाक पुन्हा लावून घ्यायचे. पुढे वर्षातून एकदा पुरते. एखादी तार तुटली तर तशीच चालवू नका, तिचा भार शेजारच्या दोघींवर पडतो आणि त्याही थकतात. तिसरी तुटली की समजा की बाकीच्याही त्याच वयाच्या आणि तेवढ्याच थकलेल्या आहेत. तेव्हा सगळ्याच तारा बदलून चाक नव्याने बांधून घ्या. तुमच्या चाकाच्या मापाच्या दोन तारा फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा, कारण प्रत्येक गावात ते माप मिळेलच असे नाही.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या मुलीची सायकल घेऊन मिस्त्रीकडे जा. मागच्या चाकाच्या तारा सारख्या ताणून द्या, असे स्पष्ट सांगा. हे काम बारकाईचे आहे, घाईत होत नाही. त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.